गाण्याचा पत्ता

राजगड-तोरण्याच्या पायथ्याशी आज गाणं ध्वनिमुद्रित करणं फार अवघड राहिलेलं नाही. बऱ्यापैकी माइक, एक लॅपटॉप आणि बाहेरचा आवाज आत येणार नाही अशी खोली, एवढ्यावर भागतं. ते जगभर पोचवायलाही आता कॅसेट कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही. डिस्ट्रोकिड, ट्यूनकोर यांसारखे वितरक ठरावीक शुल्क घेऊन गाणं स्पॉटिफाय, अ‍ॅपल म्युझिक, यूट्यूब म्युझिक अशा ठिकाणी चढवून देतात. अडचण त्यानंतर सुरू होते. गाणं तिथं असतं, पण कुणाच्या कानावर पडत नाही. मग प्रत्येक नवा गायक एकच गोष्ट विचारतो: प्लेलिस्टमध्ये कसं जायचं?

हा प्रश्न बहुतेक वेळा ओळखीपाळखीचा म्हणून विचारला जातो. आत कुणी माणूस आहे का, किती पैसे लागतात, असा त्याचा रोख असतो. मला तो आधी नोंदीचा प्रश्न वाटतो. ज्या गाण्याला पत्ता नाही, ते कुणी शोधू शकत नाही. आणि गाण्याला पत्ता कसा द्यायचा याचा मोठा धडा भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या डोंगरपट्ट्यात, मोबाइल यायच्या कितीतरी आधी गिरवला गेला आहे.

हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ हे दोघे पुण्याच्या सेंटर फॉर कोऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस या संस्थेचे संस्थापक. गरीब डोंगरी संघटनेच्या कामातून ते या भागातल्या बायकांपर्यंत पोचले आणि १९८० च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या जमवण्याचं काम उभं राहिलं. खेड्यातल्या कार्यकर्त्या बायकांनीच त्यातला मोठा वाटा उचलला. शेजारणीकडून, सासू-नणंदेकडून, माहेरच्या गावातून त्या ओव्या लिहून आणत. पुढे हे काम महाराष्ट्रभर पसरलं. हजाराहून जास्त गावं, तीन हजारांहून जास्त गायिका आणि एक लाखाहून जास्त ओव्या. १९९० च्या दशकात संगीत आणि संगणक या दोन्हींचे जाणकार बर्नार्ड बेल यांच्या साथीनं शंभरहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. पॉइत्वाँ आणि राईरकर दोघंही आता हयात नाहीत. पी. साईनाथ यांच्या पुढाकारानं सुरू झालेल्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’वर, म्हणजे ‘पारी’वर, मार्च २०१७ पासून या ओव्या टप्प्याटप्प्यानं प्रसिद्ध होत आल्या आहेत.

आकडा डोळ्यांत भरतो, पण मला महत्त्वाची वाटते ती त्यामागची शिस्त. ओवीबरोबर गाणारीचं नाव आहे, गाव आहे, तालुका आहे, आणि ओवी कशाविषयी आहे याची वर्गवारी आहे. सीता, सावित्री, बाईचा जन्म, भाऊ-बहीण, लेक, पंढरीची वाट, बाबासाहेब. ओवीत गाणारी स्वतःचं नाव घालत नाही. अभंगात तुकोबा शेवटच्या चरणात स्वतः येऊन उभे राहतात, ओवी मात्र एकीच्या तोंडून दुसरीच्या तोंडी गेली की पहिलीची खूण उरत नाही. ज्या कलाप्रकारात नाव सांगायची रीतच नव्हती, तिथं प्रत्येकीचं नाव टिपून ठेवणं हे मला त्या संशोधकांचं सर्वांत मोठं काम वाटतं.

भारतातल्या ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात नाव नोंदवण्याची ही गरज अगदी पहिल्या दिवसापासून आहे. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग ध्वनिमुद्रणासाठी कलकत्त्याला आला आणि त्यानं गायिका गौहर जान यांचं गाणं मुद्रित केलं. त्यांच्या तबकड्यांच्या शेवटी त्या स्वतःचं नाव इंग्रजीत पुकारताना ऐकू येतात. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तिथल्या कारागिराला कुठली तबकडी कुणाची हे कळावं, म्हणून हा पुकारा. आज त्या पुकाऱ्याची जागा एका फॉर्मनं घेतली आहे. गाण्याचं नाव, मुख्य कलाकार, गीतकार, संगीतकार, भाषा, प्रकार, आणि प्रत्येक ध्वनिमुद्रणाला मिळणारा बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक.

हा फॉर्म आपली मुलं घाईघाईनं भरतात, आणि गाणं तिथंच हरवतं. पुणे जिल्ह्यात भैरवनाथाचं देऊळ किती गावांत आहे ते आठवा. त्या प्रत्येक गावात ‘श्री भैरवनाथ भजनी मंडळ’ असू शकतं. भोर तालुक्यातल्या एका मंडळानं एवढ्याच नावानं अभंग चढवला, तर तो भलत्याच मंडळाच्या पानावर जाऊन बसण्याची भीती असते. नाव रोमन लिपीत एकदा एका स्पेलिंगनं आणि पुढच्या वेळी दुसऱ्या स्पेलिंगनं दिलं, तर एकाच मंडळाची दोन पानं होतात आणि ऐकणारे दोन्हीकडे विभागले जातात. भाषेच्या रकान्यात मराठीऐवजी हिंदी निवडलं गेलं, तर मराठी ऐकणाऱ्यांपुढे ते गाणं येण्याची वाट आपणच बंद करतो. मंडळाच्या नावापुढे गावाचं नाव जोडा, ते कायमचं ठरवा, गीतकाराचा रकाना रिकामा सोडू नका. तुकोबांचा अभंग असेल तर तुकोबांचं नाव लिहा. तालुक्याच्या नावाचंही तसंच. २०२४ मध्ये वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं घेतला. जुन्या नोंदींत वेल्हे आहे, पुढच्या नोंदींत राजगड येईल. दोन्ही नावं वर्णनात लिहिली तर शोधणाऱ्याला दोन्ही वाटांनी पोचता येईल.

आता यादीकडे. स्पॉटिफायपुरतं बोलायचं तर तिथं तीन तऱ्हेच्या याद्या असतात. काही कंपनीचे संपादक करतात, काही यंत्र प्रत्येक ऐकणाऱ्यासाठी वेगळ्या करतं, आणि काही तुमच्या-माझ्यासारखे ऐकणारेच करतात. संपादकांपुढे गाणं मांडायला पैसे लागत नाहीत. कलाकारासाठीच्या त्यांच्या खात्यातून, प्रसिद्ध न झालेलं एक गाणं एका वेळी पाठवता येतं. प्रसिद्धीच्या किमान सात दिवस आधी पाठवलं, तर निवड होवो न होवो, आपल्याला फॉलो करणाऱ्यांच्या नव्या गाण्यांच्या यादीत ते पोचतं. त्या अर्जात वाद्यं, भाव, भाषा, संस्कृती विचारतात आणि गाण्याविषयी लिहायला पाचशे अक्षरांची जागा देतात. या पाचशे अक्षरांत ‘हे गाणं खूप छान आहे, नक्की ऐका’ असं लिहून काही मिळत नाही. आवणीच्या वेळी म्हटलं जाणारं गाणं आहे, गाणाऱ्या बायका अमुक गावच्या आहेत, साथीला फक्त टाळ आहे, एवढं लिहिलं तर मुंबईत बसलेल्या संपादकाच्या हाती काहीतरी लागतं.

यंत्राच्या याद्यांचं गणित वेगळं. जे लोक आपलं गाणं ऐकतात ते आणखी काय ऐकतात, यावरून यंत्र आपले शेजारी ठरवतं. म्हणून पहिले शे-दोनशे ऐकणारे कोण, याला फार महत्त्व आहे. गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दुवा टाकून ‘सगळ्यांनी वाजवा’ म्हटलं की प्रेमापोटी सगळे वाजवतात, वीस सेकंद ऐकून पुढे जातात. तीस सेकंदांच्या आत बंद केलेलं गाणं मोजलंच जात नाही, आणि ऐकणाऱ्यांच्या आवडीत काही समान नसेल तर यंत्राला शेजार सापडत नाही. त्यापेक्षा मुंबई-पुण्याला राहणारे, एकादशी न चुकवणारे, भजन शेवटपर्यंत ऐकणारे चाळीस चाकरमानी जास्त मोलाचे. त्यांनी गाणं जतन केलं, स्वतःच्या यादीत घातलं, तर वाट उघडते.

पैसे घेऊन ‘दहा हजार स्ट्रीम देतो’ म्हणणाऱ्यांपासून मात्र लांब राहा, हे मी अगदी कळकळीनं सांगते. ते स्ट्रीम यंत्रांचे असतात. स्पॉटिफाय ते ओळखून वजा करतं, आणि २०२४ पासून अशा गाण्यांसाठी वितरकाकडून दंडही घेतं. वितरक मग गाणंच काढून टाकू शकतो. त्याच वर्षापासून मागच्या बारा महिन्यांत एक हजार स्ट्रीम न झालेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचं मानधन मिळत नाही. हा नियम छोट्या गावातल्या छोट्या मंडळावर अन्याय करणारा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. चारशे वेळा मनापासून ऐकलं गेलेलं भजन हे शून्य नव्हे.

त्याहून खोल अन्याय लांबीचा आहे. तीस सेकंदांपुढे ऐकलं की एक स्ट्रीम. दोन मिनिटांचं गाणं आणि देवळात रंगलेला वीस मिनिटांचा अभंग, दोघांची मोजणी सारखीच. म्हणजे जो प्रकार हळूहळू चढतो, चालीत घोळतो, त्याला या व्यवहारात तोटा ठरलेला. ओवीचं तर आणखी अवघड. एक ओवी संपते आणि दुसरी सुरू होते, एक बाई उचलते आणि दुसरी पुढे नेते, आणि हे पायलीतले दाणे संपेपर्यंत चालतं. यातलं ‘एक गाणं’ कुठून कुठपर्यंत? तास-दीड तासाच्या दळणाचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे केले तर यादीत बसतील, पण तो निर्णय गाणाऱ्या बाईचा असायला हवा.

यादीची नावंही ऐकणाऱ्याच्या गरजेवरून पडतात. झोपेसाठी, अभ्यासासाठी, व्यायामासाठी. जात्यावरची ओवी कष्टातून आली, हात फिरण्याची लय तिच्या आवाजात आहे. तिला ‘मन शांत करणाऱ्या’ यादीत ठेवलं की तिच्यातला सासुरवास, भूक, भावाची वाट पाहणं हे सगळं कानाआड होतं. म्हणून मला वाटतं की संपादकांच्या दाराशी वाट पाहण्याबरोबरच आपल्या याद्या आपण करायला हव्यात. भोरच्या वाचनालयानं, कॉलेजच्या मराठी विभागानं, हिर्डस मावळातल्या एखाद्या तरुण मंडळानं आपल्या खोऱ्यातल्या भजनांची, पोवाड्यांची, गोंधळाची, नव्या रॅपचीसुद्धा यादी करावी, प्रत्येक गाण्यासोबत गाव लिहावं, आणि ती दर महिन्याला नीट राखावी. ऐकणाऱ्यांनी केलेल्या यादीला कुणाची परवानगी लागत नाही. मराठी गाणं म्हणून कुणी ऐकत नाही, हे भाषेचं कारणही आता पुरत नाही. जळगाव जिल्ह्यातून आलेल्या संजू राठोडच्या ‘गुलाबी साडी’वर २०२४ मध्ये मराठी न कळणारेही नाचले.

अ‍ॅपवरच सगळं सोपवू नये, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. विंक म्युझिक बंद झालं, रेसो भारतातून गेलं. त्या अ‍ॅपवर लोकांनी जमवलेल्या याद्यांना घर उरलं नाही. राईरकरांच्या काळात कागदावर लिहिलेल्या ओव्या मात्र कागदावरून संगणकावर आणि तिथून ‘पारी’वर आल्या. मूळ ध्वनिमुद्रण पूर्ण दर्जाचं, गाणाऱ्यांची नावं आणि तारीख लिहून, दोन वेगळ्या ठिकाणी ठेवणं प्रत्येक मंडळाला जमण्यासारखं आहे.

राहिला हक्काचा प्रश्न. आता कुणीतरी नातू आजीची ओवी फोनवर टिपेल, तिच्याखाली ठेका घालेल आणि ते गाणं खरंच मोठ्या यादीत जाईल. ओवीच्या शब्दांवर कुणा एकाची मालकी नाही. पण गाणारीला कलाकार म्हणून कायद्यानं हक्क आहेत, आणि २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनं व्यापारी वापरातल्या मानधनातही तिचा वाटा मानला आहे. फॉर्ममध्ये तिला ‘पारंपरिक’ या एका शब्दात मिटवून टाकणं सोपं असतं. तसं करू नये. आवाज तिचा आहे तर मुख्य कलाकाराच्या रकान्यात तिचं पूर्ण नाव आणि नातवाचं नाव शेजारी-शेजारी यावं. वर्णनात तिचं गाव यावं, माहेरचंसुद्धा, कारण ओव्या बहुधा तिथल्या असतात. मिळकतीची वाटणी करण्याची सोय काही वितरकांकडे असते. ती गाणं चढवण्याच्या आधी, तिला सगळं वाचून दाखवून आणि तिच्या स्वतःच्या बँक खात्याचा क्रमांक घालून भरावी.