चुकण्याची मुभा

कामाच्या प्रशिक्षणात डिजिटल खेळ दोन तऱ्हांनी येतो. एका तऱ्हेत कामाची परिस्थितीच पडद्यावर उभी केली जाते. शिकणारा निर्णय घेतो, त्याचे परिणाम पाहतो, फसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. दुसऱ्या तऱ्हेत काम जसेच्या तसे राहते. त्याच्यावर गुण, बिल्ले आणि क्रमवारीचा फलक तेवढा चढवला जातो. कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांना दुसरी तऱ्हा सोयीची वाटते, कारण ती स्वस्त पडते आणि कोणत्याही कामाला डकवता येते. शिकण्याच्या दृष्टीने मात्र खेळाचे बळ पहिल्या तऱ्हेत आहे, आणि तेही सगळ्याच कामांत सारखे लागू पडत नाही.

पहिल्या तऱ्हेचा उगम संगणकाच्या कितीतरी आधीचा आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यात राइसवित्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशावर खेळायचा युद्धखेळ मांडला. सैन्याच्या तुकड्या म्हणजे सोंगट्या, निकाल फाशांवर आणि पंचाच्या निर्णयावर. अधिकाऱ्यांना माणसे न मारता लढाई हरता येऊ लागली. पुढे अमेरिकेत एडविन लिंक याने जमिनीवरच डुलणारे, पायलटला आंधळ्या उड्डाणाचा सराव देणारे यंत्र बनवले. सैन्याने आधी त्याकडे फारसे लक्ष दिले नाही. 1934 मध्ये टपाल वाहून नेणारे लष्करी वैमानिक खराब हवेत एकामागून एक दगावले, तेव्हा कुठे ती यंत्रे विकत घेतली गेली. समुद्रावरही हाच क्रम दिसतो. खलाशांच्या प्रशिक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार 1978 चा. त्यात 1995 साली झालेल्या दुरुस्तीने रडारचे प्रशिक्षण सिम्युलेटरवर घेणे बंधनकारक केले. म्हणूनच रायगड जिल्ह्यात कर्जतला, किनाऱ्यापासून दूर, सह्याद्रीच्या पायथ्याशी सागरी अकादमी असण्यात काही विचित्र नाही.

सराव नेमका कशाचा हवा, हे याच जिल्ह्यातल्या चौलच्या किनाऱ्यावरच्या एका घटनेवरून चांगले कळते. 17 जून 2021 रोजी, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर, रेवदंड्यापासून काही किलोमीटरवर ‘एमव्ही मंगलम’ या जहाजात पाणी शिरले. जहाजावर 16 जण होते. जहाज अर्धवट बुडाले होते, लाटा वरून फुटत होत्या आणि माणसे जहाज सोडण्याच्या बेतात होती. मुंबईच्या सागरी बचाव केंद्राने जहाजावरच्या ‘सेकंड ऑफिसर’शी बोलून खलाशांना जीवरक्षक साधनांसह जहाजावरच थांबायला राजी केले. दिघीहून तटरक्षक दलाचे ‘सुभद्राकुमारी चौहान’ हे जहाज निघाले, दमणहून दोन चेतक हेलिकॉप्टर आली आणि सोळाही जण वाचले.

इथे प्रश्न एकच होता: थांबायचे की उडी मारायची? बुडणाऱ्या जहाजावर थांबणे मनाला पटत नाही, आणि पावसाळी समुद्रात उडी मारणे बहुतेकदा अधिक घातक असते. पण ‘बहुतेकदा’ म्हणजे नेहमी नव्हे. जहाज कलंडण्याच्या टोकाला आले की थांबणे हीच चूक ठरते. तो क्षण कुठे येतो, हे वहीत लिहून देता येत नाही. पाणी किती वेगाने चढते आहे, जहाज किती कलले आहे, मदत किती लांब आहे, हे सगळे एकाच वेळी तोलायचे असते, आणि उभ्या आयुष्यात हा प्रसंग एखाद्याच खलाशावर, तोही एकदाच येतो. पडद्यावर मात्र हे आकडे बदलून तोच प्रसंग पन्नास वेळा उभा करता येतो. दहा वेळा बुडून पाहिलेल्या माणसाला अकराव्या वेळी कशाकडे बघायचे ते कळते.

चौल-रेवदंडा-आग्राव पट्ट्यातल्या मासेमारीत शिकण्याची जुनी रीत निराळी आहे. पोरगा आधी होडीवर स्वयंपाकाला लागतो, मग जाळे ओढतो, मग कधीतरी सुकाणूला हात लावतो. उधाण आणि भांग, भरती आणि सुकती, कुंडलिका नदीच्या मुखाशी वाळू कुठे साचली आहे, हे तो तांडेलाकडे, म्हणजे होडीच्या प्रमुखाकडे, बघत शिकतो. या रीतीची थोरवी मोठी आहे. कोणताही पडदा ओल्या फळीवर पाय रोवायला शिकवणार नाही. पण तिच्यात एक उणीव असते आणि ती अटळ आहे. पोरगा चुकणार असे दिसले की तांडेल सुकाणू स्वतःकडे घेतो. घ्यावेच लागते, कारण होडीत सगळ्यांचे जीव असतात. त्यामुळे चूक पुरी झाल्यावर काय घडते, हे शिकणाऱ्याला कधी दिसत नाही. रोज घडणारे तो उत्तम शिकतो, क्वचित घडणारे शिकायचे राहते.

खेळ नेमका या फटीत बसतो, आणि त्यासाठी कोट्यवधींचे सिम्युलेटर लागतेच असे नाही. भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग छापतो, लाटांचे अंदाज हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही संस्था देते. रेवदंड्याच्या खाडीत सुकतीला, वारा वाढलेला असताना, इंजिन धापा टाकत असताना आत शिरायचे की बाहेर थांबायचे, एवढाच डाव मोबाइलवर बसू शकतो. तरुण मच्छीमारांना नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकवणारे मत्स्यव्यवसाय विभागाचे केंद्र अलिबागला आहेच. अडचण वेगळ्या ठिकाणी आहे: वाळू दर पावसाळ्यात जागा बदलते, म्हणून खेळातला नकाशाही दर वर्षी तांडेलांनाच दुरुस्त करावा लागेल. सॉफ्टवेअर कंपनीने एकदा बनवून दिलेला खेळ पुढच्या वर्षी खोटे शिकवू लागेल.

हाच हिशेब कारखान्यांना लागू पडतो. थळच्या खत कारखान्यात अमोनिया आहे, कुंडलिकेपलीकडे साळावला स्पंज आयर्नचा कारखाना आहे. अशा कारखान्याच्या नियंत्रण कक्षातल्या माणसाचे बरेचसे दिवस काही न घडता जातात. मोठी गळती कदाचित कधीच होणार नाही. पण झालीच, तर पहिल्या काही मिनिटांत कोणती झडप बंद करायची याचा सराव असावा लागतो. सुरक्षेच्या नावाखाली अनेक ठिकाणी आजही दिली जाते ती स्लाइडची माळ. ‘पुढे’ हे बटण दाबत दाबत चहा संपतो, शेवटी दहा प्रश्न येतात आणि प्रमाणपत्र छापून निघते.

अमेरिकन संशोधक ट्रेसी सिट्झमन यांनी 2011 साली संगणकीय अनुरूपण-खेळांवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. खेळातून शिकलेल्यांचे ज्ञान आणि आत्मविश्वास तुलनेने वरचढ दिसला, पण काही अटींवर. शिकणाऱ्याला हवे तितक्या वेळा खेळता आले पाहिजे, खेळात नुसते वाचत न बसता काहीतरी करावे लागले पाहिजे, आणि खेळ एकटा न ठेवता इतर शिकवणीला जोडलेला असला पाहिजे. यातली तिसरी अट सर्वांत आधी कापली जाते, कारण शिकवणीला माणूस लागतो. डाव संपल्यावर ‘तेव्हा तू काय पाहत होतास?’ असे विचारणारा अनुभवी माणूस समोर नसेल, तर खेळणारा खेळाच्या खाचाखोचा शिकतो, कामाच्या नव्हे.

दुसऱ्या तऱ्हेची, म्हणजे गुण आणि बिल्ल्यांची, कहाणी कमी सुखाची आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांचा 1973 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. चित्रे काढायची आवड असलेल्या लहान मुलांना चित्र काढल्यास बक्षीस देण्याचे आधी कबूल केले गेले. नंतर बक्षिसाविना सोडल्यावर ती मुले इतरांपेक्षा कमी वेळ चित्रे काढू लागली. मोठ्यांच्या बाबतीत भर पडते ती पोटाची. कॅलिफोर्नियात डिस्नेलँडच्या हॉटेलांमधल्या धुलाईखान्यात कोणाचा वेग किती, हे सर्वांना दिसेल अशा पडद्यांवर झळकू लागले. 2011 च्या वृत्तानुसार कामगारांनी त्याचे नाव ठेवले ‘इलेक्ट्रॉनिक चाबूक’. चादरींच्या घड्या घालायला ते आधीच शिकले होते. पडद्याने त्यांना नवे काही शिकवले नाही. शेजारणीच्या पुढे राहण्यासाठी लघवीला जाणे टाळावे की काय, असा विचार मात्र काहींच्या मनात आणला.

आपल्याकडे या दोन तऱ्हांमधली फारकत नीट केली जात नाही. रोजच्या, मोजता येण्याजोग्या कामाला खेळाचे कपडे चढवले जातात. क्वचित येणाऱ्या, जिवावर बेतणाऱ्या कामासाठी मात्र पीपीटी पुरते असे मानले जाते. खर्चाचा विचार केला तर हे समजण्यासारखे आहे, कारण घड्यांचा वेग दर महिन्याला ताळेबंदात दिसतो आणि न झालेला अपघात कोणत्याच रकान्यात बसत नाही.

शेवटचा प्रश्न गुणांच्या मालकीचा. सरावात दहा वेळा जहाज बुडवलेल्या उमेदवाराचे ते दहा आकडे कोणाकडे जातात? पदोन्नतीच्या फाइलमध्ये जाणार असतील, तर तो अकरावा प्रयोग करणारच नाही. ज्या वाटेने खात्रीने गुण मिळतात तीच धरील, आणि खेळ पुन्हा परीक्षा होऊन बसेल. यावर उपाय तांत्रिक नाही. सरावाची नोंद प्रशिक्षकापाशीच राहावी, नेमणूक किंवा पगारवाढ ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला ती दिसू नये, आणि हे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी लेखी कळवावे. मुख्य परीक्षा वेगळ्या दिवशी, वेगळ्या परीक्षकाने घ्यावी.