शून्यं खोडा, शून्यं मांडा

शेजारच्या काकू नातवाला भागाकार शिकवत होत्या. ‘३२०० भागिले ४ असेल तर शून्यं झाक, ८ काढ, शून्यं परत मांड. ३२०० भागिले ४०० असेल तर दोन्हीकडची दोन-दोन खोड, ८ काढ, झालं.’ नातू म्हणाला, ‘मग आता का नाही मांडायची?’ ‘नियमच आहे तसा.’ पोरगं गप्प बसलं; मला ते उत्तर दिवसभर टोचत राहिलं.

एकक-दशक-शतक इथे उगाळत नाही. काड्यांचे गठ्ठे आपण सगळ्यांनीच बांधलेत. पण भागाकार नावाखाली दोन निराळी कामं चालतात, हे माझं जुनं तुणतुणं पुन्हा वाजवतो. एक वाटणी, दुसरी मोजणी. ३२०० रुपये चौघांत वाटायचे तर शंभराच्या ३२ नोटा घ्या; प्रत्येकाला ८ नोटा, म्हणजे ८०० रुपये. शून्यं परत मांडायचा प्रश्नच नाही, ती नोटेवरून कधी हललीच नव्हती. आता ३२०० रुपयांत महिना ४०० रुपये भाडं किती महिने भरता येईल? त्याच ३२ नोटांचे चार-चारचे ढीग लावा. ढीग ८. हे आठ नोटा नव्हेत, महिने आहेत, आणि महिन्यांना शून्यं कशाला चिकटतील? नातवाला हवं होतं ते उत्तर एवढंच.

काकूंचं म्हणणं, शिष्यवृत्तीच्या पेपरात इतका विचार करायला वेळ कुणाला आहे? युक्ती चालते ना? चालते, पण कुठवर? ४००० भागिले ५ घ्या. तिन्ही शून्यं झाकली तर उरलेल्या ४ ला पाचाने भाग जात नाही. मूल मग एक शून्य उघडतं, ४० ला ५ ने भागून ८ काढतं आणि सवयीने तीन शून्यं मांडून ८००० लिहितं. ४० शतकं डोळ्यांसमोर असती तर ८ शतकांवर थांबलं असतं. वेळ वाचवून काय मिळवलं?

रुपये-आणे-पैच्या काळात ही पळवाट नव्हती. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. सात रुपये चौघांत वाटले की एकेक रुपया देऊन तीन उरत. त्यांची मोड केली की ४८ आणे, प्रत्येकी बारा. उरलेलं मोडून खालच्या घरात न्यायचं, ही भागाकाराची खरी चाल तिथे हाताला लागत असे. दशमानात ती इतकी सोपी झाली की दिसेनाशीच झाली. आणे परत आणा असं मी म्हणत नाही. ते पाढे मलाही नको आहेत.

इथवर येताना खोडण्यावर सरळ बंदी घालावी असंच मनात होतं. पण भास्कराचार्य आडवे येतात. ११५० च्या ‘लीलावती’त भागाकाराच्या नियमातच सांगितलंय की जमेल तिथे भाज्य आणि भाजक एकाच संख्येने छाटून घ्या. तिथल्याच १६२० भागिले १२ या उदाहरणात तिनाने छाटलं तर ५४० भागिले ४, चाराने छाटलं तर ४०५ भागिले ३, उत्तर १३५च. दोन्हीकडचं शून्य खोडणं म्हणजे दहाने छाटणं, दुसरं काही नाही. तेव्हा काकूंची अर्धी युक्ती चांगल्या घराण्यातली निघाली आणि माझी बंदी बारगळली.

फक्त छाटताना बाकीही छाटली जाते. ३७० भागिले ४० मध्ये शून्यं खोडली की ३७ भागिले ४. भागाकार ९, बाकी १. भागाकार बरोबर, बाकी चूक, कारण उरलंय ते एक दशक. म्हणून माझी तक्रार आता युक्तीशी नाही, उदाहरणांच्या क्रमाशी आहे. सोपं म्हणून आपण ३६० भागिले ४० आधी देतो. तिथे सगळं निःशेष सुटतं आणि खोडलेल्या शून्याचा हिशेब कुणी मागत नाही. मी ३७० आधी देईन. मुलाने बाकी १ लिहिली की नऊ चोक छत्तीस, म्हणजे ३६०, हे त्याच्याकडूनच वदवून घेईन आणि ३७० मधून वजा करायला लावीन. मग ३६० सोडवताना त्याने खुशाल शून्यं खोडावीत.