वाळूचा ओलावा आणि वाणीचं तप

कोल्हापूरजवळ शिरोलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी क्वालिटी सांभाळते. ग्राहक कंपनीचे इंजिनिअर आले की रिजेक्शनचा आढावा मांडायचं काम माझ्याकडे असतं. सुरुवातीला घशाला कोरड पडायची. मग मी शिकत गेले. स्लाइडवर मजकूर कमी ठेवायचा, आवाज शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचवायचा, महत्त्वाचं वाक्य संपलं की श्वासभर थांबायचं. वर्षभरात मी चांगली बोलू लागले. माझी सर्वांत मोठी चूक झाली ती त्यानंतर.

पावसाळ्याचे दिवस होते. आमच्या साच्याच्या वाळूत ओलावा साधारण ३ ते ४ टक्के लागतो. वाढला की तापलेला रस ओतताच वाफ होते, ती आत अडकते आणि कास्टिंगमध्ये ब्लोहोल राहतात. वरून काही कळत नाही. मशीनिंगला लागलं की पोकळी उघडी पडते. रात्रपाळीत ओलावा तपासला जात नव्हता, हे मला ठाऊक होतं. वरिष्ठ म्हणाले, ‘तेवढं काढू नका, बैठक चांगली चाललीय.’ मी पाहुण्यांच्या डोळ्यांत बघून सांगितलं, ओलावा नियंत्रणात आहे. महिन्याभरात माल परत आला.

मी अडखळले असते तर कुणीतरी उलट प्रश्न विचारला असता. माझ्या सफाईनं तो प्रश्नच उठू दिला नाही. तेव्हापासून एक विचार सोडत नाही : चांगलं बोलता येणं हा गुण आहे, की नुसतीच धार, जी ज्याच्या हाती पडेल त्याची?

माझे आजोबा हरिदास होते. नृसिंहवाडीपासून कोकणातल्या देवळांपर्यंत कीर्तनं करत. गीतेच्या सतराव्या अध्यायातलं वाणीचं तप ते फार जीव लावून समजावत. बोलणं समोरच्याला उद्विग्न न करणारं हवं, खरं हवं, प्रिय हवं आणि हिताचंही हवं. शंकराचार्यांनी भाष्यात बजावलंय की हे सगळं एकत्र हवं. यातलं एकही गळलं तर ते वाणीचं तप नव्हे. मी त्या बैठकीत फक्त प्रिय बोलले होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. पुढच्या आढाव्यात सगळं खरं सांगितलं, रात्रपाळीच्या ऑपरेटरच्या नावासकट. ते मामा मागे भिंतीला टेकून उभे होते. बाहेर आल्यावर एवढंच म्हणाले, ‘मॅडम, मला आधी एकदा इचारायचं हुतं.’ विचारलं तेव्हा कळलं, ओलावा मोजायचं यंत्र ज्या खोलीत, तिला रात्री कुलूप असायचं.

महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिकाची गोष्ट सांगतो. सत्याचं व्रत घेतलेला हा ब्राह्मण, लुटारूंनी विचारल्यावर लपलेल्या माणसांची वाट खरीखरी दाखवतो आणि नरकात जातो. लहानपणी मला हा अन्याय वाटे. मामांसमोर उभी राहिले तेव्हा वाटेनासा झाला. मात्र या गोष्टीचा आडोसा घेऊन कुणी खोट्याला हिताचं नाव देऊ लागला, तर मी ते मानणार नाही. माझी पहिली चूक नेमकी तीच होती.

चारही अटी एका वाक्यात कशा बसवायच्या? मला वाटतं, वाक्य घडवताना त्या बसत नाहीत. त्या आधीच, बोलणारा कुठे उभा आहे त्यावर ठरतात. कीर्तनाला उभं राहणं म्हणजे नारदाच्या गादीवर उभं राहणं. कीर्तन संपलं की आजोबांचे थोरले भाऊ त्यांच्या पाया पडत. आजोबा संकोचत नसत आणि सुखावतही नसत, कारण तो नमस्कार गादीला होता. ऑफिसात अशी गादी नाही. तिथे सगळ्या नजरा माझ्यावर, म्हणून भीती माझी आणि टाळ्याही माझ्या. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये नेवाशाला गीता मराठीत सांगितली, तेव्हा नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे अवधान मागितलं. ऐकणाऱ्यावाचून बोलणं पुरं होत नाही, हे त्या मागण्यात मला दिसतं. मी इतकी वर्षं ऐकणाऱ्यांना परीक्षक समजत होते.

गीतेनं त्याच श्लोकात स्वाध्यायाचा अभ्यासही वाणीच्या तपात धरलाय. तिथे तो वेदपठणाचा आहे, हे मी जाणते. पण आजोबा शंभरदा केलेलं आख्यानही कीर्तनाच्या दिवशी दुपारी ओसरीवर पुन्हा म्हणत, आणि मला तो शब्द त्या ओसरीवरच कळला. आता आढाव्याच्या आदल्या रात्री मी शॉपवर जाते. ज्यांच्याविषयी बोलायचं, त्यांच्याशी आधी बोलते. मग घरी येऊन सगळं मोठ्यानं म्हणते. जे वाक्य मामांसमोर म्हणवणार नाही, ते काढते.

मागच्या पावसाळ्यात ग्राहक आले, तेव्हा मी मधोमध कापलेलं एक कास्टिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, हे आमचं आहे, याकडे आधी नीट बघा. मग मामांना पुढे बोलावलं. त्यांनी बादलीतली वाळू मुठीत दाबली, मूठ उघडली आणि तळहातावरचा मुटका मधोमध मोडून दाखवला. ओल जास्त असली तर मोड कसा पडतो, ते सांगायला लागले. पाहुण्यांतला सर्वांत ज्येष्ठ इंजिनिअर खुर्चीतून उठला, बाह्या सारून त्यानं बादलीत हात घातला.