भाडेपावतीचा अधिकार

परावलंबी मनुष्याच्या निवाऱ्यासाठी सरकारी तिजोरीतून पैसा द्यावा की नाही, हा वाद आता सुसंस्कृत राष्ट्रांत फारसा उरलेला नाही. परंतु त्या पैशाने उभ्या राहिलेल्या घरात राहणाऱ्याचा दर्जा आश्रिताचा असावा की भाडेकरूचा, हा प्रश्न आपल्याकडे क्वचितच विचारला जातो. ‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ ही मतिमंद मुलाच्या आईबापांची विवंचना इतकी दारुण असते, की ‘कोणीतरी सांभाळील’ एवढ्या उत्तरानेही ऐकणाऱ्यास हायसे वाटते. आणि त्या सांभाळणाऱ्याशी मुलाचे कायदेशीर नाते कोणते, असे पुढे विचारणे कृतघ्नपणाचे वाटू लागते. हा कृतघ्नपणा पत्करावा, असे माझे मत आहे.

अमेरिकेत तो पत्करावा लागला, कारण तेथील उपकाराचे स्वरूप एके दिवशी सर्वांना दिसले. न्यूयॉर्कच्या स्टॅटन बेटावरील विलोब्रुक ही मतिमंदांची सरकारी संस्था चार हजार माणसांसाठी बांधलेली असता १९६० नंतरच्या दशकात तीत सहा हजारांवर माणसे कोंबलेली होती. १९७२ साली दूरचित्रवाणीच्या एका वार्ताहराने आतील दृश्ये दाखवली, १९७५ साली न्यायालयासमोर तडजोडनामा झाला आणि १९८७ साली संस्था बंद झाली. पण बाहेर पडणाऱ्यांनी राहावयाचे कोठे? यावर जे उत्तर निघाले ते समूहनिवासाचे: चारचौघांच्या वस्तीतले साधे घर, त्यात मोजकी माणसे आणि मदतीला पगारी सेवक.

चारचौघांना ते अर्थातच रुचले नाही. टेक्सासमधील क्लिबर्न गावी असे एक चार शयनखोल्यांचे घर तेरा जणांसाठी घेतले गेले, तेव्हा नगरपालिकेने विशेष परवान्याचे कलम पुढे केले आणि तो परवाना नाकारला. तिची कारणे मुळातून पाहण्याजोगी आहेत. समोरच्या शाळेतील मुले या रहिवाशांची टवाळी करतील, हे एक. वस्तुतः त्याच शाळेत अशीच तीसएक मुले शिकत होती. दुसरे कारण असे, की पाचशे वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या महापुराच्या पट्ट्यात ते घर येते! त्याच जागी शुश्रूषागृह किंवा विद्यार्थ्यांचे वसतिगृह काढावयाचे असते तर या परवान्याची गरज पडली नसती. म्हणजे पूर यावयाचा तो केवळ मतिमंदांच्या दारी. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने ही कारणे पूर्वग्रहाची म्हणून फेटाळली, आणि शेजाऱ्यांची नापसंती हा राज्यकारभाराचा आधार होऊ शकत नाही, एवढे तरी प्रस्थापित झाले.

यानंतर आला पैशाचा प्रश्न. १९९० च्या गृहनिर्माण कायद्यातील ८११ व्या कलमान्वये तेथील गृहनिर्माण खाते बिनफायद्याच्या संस्थेला घर उभारण्यास बिनव्याजी रक्कम देते, आणि ते घर चाळीस वर्षे अल्प उत्पन्नाच्या अपंगांसाठीच राखले तर ती परत मागत नाही. रहिवाशाने आपल्या उत्पन्नाचा साधारण तीस टक्के हिस्सा भाडे म्हणून द्यावयाचा, उरलेली तूट सरकारने भरून काढावयाची. समूहनिवासात आठांहून अधिक माणसे असू नयेत, असे कायद्याची व्याख्याच सांगते. याउलट न्हाऊमाखू घालणाऱ्या, औषध देणाऱ्या सेवकांचा पगार वेगळ्याच दप्तरातून, म्हणजे मेडिकेड या आरोग्ययोजनेतून येतो, आणि ती योजना अशा घरांतील भाडे वा जेवणखाण यांसाठी सहसा छदामही देत नाही. दोन खाती, दोन अर्ज, दोन प्रतीक्षायाद्या! ही व्यवस्था कोणी फार विचारपूर्वक रचली असेल असे वाटत नाही. तिच्यापायी वर्षानुवर्षे तिष्ठणारी कुटुंबेही पुष्कळ आहेत. तथापि या अव्यवस्थेच्या पोटी एक मोठा गुण अनाहूत जन्मला, तो असा की छप्पर आणि सेवा ही तत्त्वतः तरी एकाच हातातली दाने राहिली नाहीत.

याचे महत्त्व कळण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. ज्याच्या घरात मी राहतो तोच मला भरवत असेल, तर त्याने उशिरा भरवले अशी तक्रार मी कोणत्या तोंडाने करावी? प्रत्यक्षात अमेरिकेतही पुष्कळदा एकच संस्था घरमालक आणि सेवादाता असते. म्हणूनच २०१४ साली केंद्र सरकारने नियम केला, की अशा ठिकाणी रहिवाशाशी लेखी करार असावा, सामान्य भाडेकरूला बेदखलीविरुद्ध मिळणारे संरक्षण त्यासही मिळावे, त्याच्या खोलीच्या दाराला त्याला लावता येईल असे कुलूप असावे, पाहुणा त्याला केव्हाही बोलावता यावा आणि भूक लागेल तेव्हा खाणे हाताशी असावे. एखाद्यास न थांबता खात सुटण्याचा विकार असेल तर ही शेवटची मुभा आवळता येते. पण त्या एकाच माणसापुरती, कारण लेखी नोंदवून. सर्वांच्या फडताळाला सरसकट कुलूप घालण्याची सोय त्या नियमात नाही.

मुंबईच्या चाळीत वाढलेल्या वाचकाला भाडेपावतीची ताकद समजावून सांगावी लागणार नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने इमारती खिळखिळ्या झाल्या, पागडीचा काळाबाजार माजला, हे सारे मान्य. पण खिशात पावती असलेल्या कारकुनाला मालक जिन्यात भेटला तर वाकून नमस्कार करावा लागत नसे, हेही तितकेच खरे. ज्याला बोलता येत नाही, सही करता येत नाही, त्याला या कागदाचा काय उपयोग, असा आक्षेप येईल. मला तर वाटते, बोलता येणाऱ्याचे कागदावाचून एखादे वेळी निभेल. न बोलणाऱ्याचे निभणार नाही. त्याच्या वतीने सही करण्यास १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने कायदेशीर पालकाची तरतूद केलेलीच आहे.

त्याच न्यासाने ‘घरौंदा’ ही प्रौढांच्या आजीवन निवासाची योजना काढली. शिवाय बदलापूरची ‘आधार’ किंवा डोंबिवलीजवळच्या खोणीचे ‘घरकुल’ ही पालकांच्या संघटनांनीच उभारलेली घरे आहेत. अशा संस्थांविषयी मला आदरच आहे, आणि भाडेकराराच्या गोष्टी ऐकून त्यांचे चालक म्हणतील, की येथे रात्रपाळीला माणूस मिळत नाही, तुम्ही कुलपाचे काय घेऊन बसलात? हे उत्तर खोटे नाही. सेवकांचा पगार हा खरोखरच अनुदानाचा कच्चा दुवा आहे. इमारतीच्या कोनशिलेवर दात्याचे नाव कोरता येते, रात्री दोन वाजता कूस बदलून देणाऱ्या बाईच्या पगारावर कोरता येत नाही. परंतु पैसा कमी आहे म्हणून हक्कही कमी, असा त्रैराशिकाचा हिशेब मला मान्य नाही, कारण करारनाम्याला पैसा लागत नाही.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने समाजात राहण्याचा हक्क सांगितला, आणि सदतिसाव्या कलमाने निवाऱ्यासारख्या कामांसाठी सवलतीच्या दराने द्यावयाच्या जमिनीत पाच टक्के राखीव ठेवण्यास सांगितले. आपल्याकडे सवलतीची सरकारी जमीन शर्तीवर मिळते आणि शर्तभंग झाल्यास सरकारजमा होऊ शकते, हे तलाठ्यापासून मंत्र्यापर्यंत सर्वांस ठाऊक आहे. ज्या जिल्हाधिकाऱ्याच्या दप्तरात या जमिनीची प्रकरणे असतात, तोच राष्ट्रीय न्यासाच्या स्थानिक समितीचा प्रमुख म्हणून पालकत्वाचे अर्जही पाहतो. तेव्हा जमीन अगर अनुदान देताना शर्तींत आणखी एक कलम घालावे: प्रत्येक रहिवाशाशी स्वतंत्र लेखी करार करावा, त्याची एक प्रत संस्थेकडे, एक पालकाकडे आणि एक समितीच्या दप्तरी राहावी, आणि समितीपुढे सुनावणी झाल्यावाचून कोणालाही घराबाहेर काढता येऊ नये, मग त्याच्या नातलगांनी वर्गणी थकवलेली असो वा तक्रार केलेली असो.