सांधा एक केव्हा होतो

इपॉक्सी हा दोन भागांचा गोंद आहे. एका नळीत राळ असते, दुसरीत हार्डनर. वेगवेगळी ठेवली तर दोन्ही वर्षानुवर्षे पातळच राहतात. एकत्र कालवली की ठरावीक वेळात त्यांचा कठीण, पुन्हा न वितळणारा पदार्थ होतो. हा वेळ काही प्रकारांत पाच मिनिटांचा असतो, काहींत तासाभराचा किंवा त्याहून मोठा, आणि पुरी ताकद यायला साधारण एक दिवस जातो. मधल्या वेळात काय घडते, हा रसायनशास्त्राचा प्रश्न झाला. त्याला लागूनच एक दुसरा प्रश्न आहे आणि तो भारतीय तर्कशास्त्राने दीड हजार वर्षांहून आधी विचारलेला आहे: दोन वस्तू चिकटवल्या की त्यांची एक वस्तू होते, की त्या चिकटलेल्या दोनच राहतात?

न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात अवयवीचा वाद येतो. अवयवी म्हणजे अवयवांहून वेगळी, पण त्यांच्यातच राहणारी एक वस्तू: सुतांहून वेगळे कापड, मातीच्या कणांहून वेगळा घडा. अशी वस्तू न मानणाऱ्यांच्या मते जगात कणांचे पुंज तेवढे आहेत. त्यांना सूत्रकार गौतमांचे एक उत्तर असे की घडा काठाला धरून उचलला तरी सगळा उचलला जातो, ओढला तर सगळा ओढला जातो. घडा नुसता पुंज असता तर हे घडले नसते. भाष्यकार वात्स्यायन अवयवी मानणारेच, पण हा पुरावा त्यांना पुरेसा वाटत नाही. धरणे आणि ओढणे, ते म्हणतात, ‘संग्रहा’मुळेही होऊ शकते. संग्रह म्हणजे कणांना धरून ठेवणारा गुण. तो कच्च्या घड्यात पाण्यामुळे येतो, भाजलेल्या घड्यात अग्नीमुळे. यापुढे त्यांनी दिलेले उदाहरण गोंदाचेच आहे. गवताची काडी, दगड आणि लाकूड लाखेने एकत्र चिकटवले तर एक उचलताना बाकीचीही उचलली जातात. तरी त्यांचे मिळून नवे द्रव्य तयार झाले, असे कोणी मानत नाही.

या उदाहरणाचे मोल मोठे आहे. वस्तू एक आहे की नाही, हे सांध्याच्या मजबुतीवरून ठरवायचे नाही, असा त्याचा अर्थ होतो. इपॉक्सीने जोडलेला दगड पडला तर पुष्कळदा तो सांध्यावर न तुटता शेजारी तुटतो, आणि पाहणारा सहज म्हणून जातो की आता तो एकजीव झाला होता. वात्स्यायनांच्या मते त्यातून संग्रह बळकट होता इतकेच सिद्ध होते.

पण लाख आणि इपॉक्सी यांत एक फरक आहे आणि तोही वैशेषिकांच्या, म्हणजे न्यायाच्या जोडीने येणाऱ्या दर्शनाच्या अनुयायांच्या, परिभाषेत नेमका मांडता येतो. ते द्रवत्वाचे दोन प्रकार करतात. पाण्याचे पातळपण स्वाभाविक असते; तूप, लाख यांचे नैमित्तिक, म्हणजे उष्णतेच्या निमित्ताने आलेले. निमित्त गेले की लाख आळते, परत आले की पुन्हा पातळ होते. या येण्याजाण्यात लाख लाखच राहते. ‘पाक’ वेगळा. मातीचा घडा भट्टीत जातो तेव्हा त्याचा रंग आणि स्पर्श बदलतो, आणि तो बदल माघारी फिरत नाही. इपॉक्सीचे घट्ट होणे या दुसऱ्या जातीचे आहे. दुकानात आणि कारखान्यात सर्रास ‘गोंद सुकला का’ असे विचारतात, पण इपॉक्सी सुकत नाही. त्यातून उडून जाण्यासारखे काही नसते. बंद फटीत, हवा न लागताही तो तसाच घट्ट होतो. तो पिकतो असे म्हणणे जास्त खरे ठरेल.

आतली घडामोड अशी. राळेच्या प्रत्येक रेणूच्या टोकांना एका ऑक्सिजनचे आणि दोन कार्बनचे ताणलेले त्रिकोणी कडे असते. नेहमीच्या हार्डनरमध्ये अमाइन असतात; त्यांच्या नायट्रोजनवरचा एकेक हायड्रोजन एकेक कडे उघडतो आणि तिथे बंध जुळतो. म्हणून प्रमाण काटेकोर हवे. लवकर घट्ट व्हावा म्हणून हार्डनर जास्त घालणाऱ्याला वेग मिळत नाही. जोडीदार न मिळालेले रेणू तसेच उरतात आणि सांधा मऊ राहतो. वेळ हातात ठेवण्याचे खरे उपाय वेगळे आहेत. मुळात प्रत्येक बंध जुळताना उष्णता बाहेर पडते आणि उष्णतेने क्रिया आणखी वाढते. ढोबळ मानाने तापमान दहा अंश चढले की वेळ निम्म्यावर येतो. खोल वाटीत एकदम कालवलेला गोंद स्वतःच्याच उष्णतेने हाताला चटका बसण्याइतका तापतो आणि वाटीतच दगड होऊन बसतो. तोच गोंद फरशीच्या तुकड्यावर पातळ पसरला तर उष्णता निघून जाते आणि कामाला वेळ मिळतो. म्हणून जाणते कारागीर थोडाथोडा कालवतात, उन्हाळ्यात सकाळच्या गारव्यात काम धरतात, आणि मोठ्या कामाला मुळातच संथ हार्डनर निवडतात.

फरशीवरच्या त्या गोंदाकडे जवळून पाहण्यासारखे असते. काडीने फिरवताना आधी दोन द्रवांच्या रेघा एकमेकींत गुंडाळलेल्या दिसतात. मिनिट-दीड मिनिट नेटाने कालवले की रेघा विरतात आणि सगळीकडे एक रंग होतो. डोळ्यांना वाटते, झाले एक. पण या घडीला जवळपास सगळे रेणू सुटेच असतात. सांध्यावर लावलेला गोंद फडक्याने पुसला तर निघून येतो. मग बराच वेळ वरवर काही घडत नाही. पुढे कधीतरी काडी उचलताना मागे तार येते, साखरेच्या पाकाला एकतारी, दोनतारी येते तशी. थोड्याच वेळात तार तुटत नाही, ताणली जाते आणि सोडली की मागे खेचली जाते. गोंद ‘धरतो’ तो इथे. यानंतर तुकडा जागचा हलवला तर सांधा बिघडतो, जसे लागत आलेले दही भांडे हलवल्याने मोडते.

या क्षणाला रसायनशास्त्रात जेल-बिंदू म्हणतात. 1940च्या दशकात पॉल फ्लोरी आणि वॉल्टर स्टॉकमायर यांनी तो गणिताने मांडला. बंध एकेक करून जुळत जातात, लहान गुच्छांचे मोठे गुच्छ होतात, आणि एका ठरावीक टप्प्यावर एक जाळे भांड्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचते. दोन टोकांची राळ आणि चार हायड्रोजनचा हार्डनर बरोबर प्रमाणात घेतला तर हे सुमारे 58 टक्के बंध जुळल्यावर घडावे, असे त्यांचे सूत्र सांगते. म्हणजे आरपार पोचलेला एक महारेणू तयार होतो तेव्हा चाळीसहून अधिक टक्के बंध अजून जुळायचेच असतात, आणि कितीतरी सुटे रेणू त्या जाळ्यात अडकून पडलेले असतात. एकत्व आधी येते, पूर्णता मागून. पुष्कळदा ती येतही नाही: जाळे कठीण होत जाते तशी उरलेल्या टोकांची हालचाल थांबते आणि खोलीच्या तापमानाला काही बंध कायमचे न जुळता राहतात.

वैशेषिकांनी भट्टीतल्या घड्याचे क्षण असेच मोजले होते. त्यांच्या पीलुपाकवादाप्रमाणे अग्नीच्या आघाताने घडा परमाणूंपर्यंत मोडतो, सुट्या परमाणूंचा काळा रंग जाऊन लाल येतो, आणि त्यांचा पुन्हा नवा घडा जुळतो. पीलू म्हणजे परमाणू. एका द्व्यणुकाचा, म्हणजे दोन परमाणूंच्या जोडीचा, नाश होऊन पुन्हा रंगासह दुसरे द्व्यणुक उभे राहायला नऊ क्षण लागतात की दहा की अकरा, याच्या प्रक्रिया त्यांच्या ग्रंथांत ओळीने मांडलेल्या आहेत. नैयायिक हे मानत नाहीत. त्यांच्या पिठरपाकवादात घडा न मोडता जसाच्या तसा पिकतो. भट्टीत घड्यावर रचलेला घडा कोसळत नाही, बाहेर काढल्यावर ‘हा तोच’ अशी ओळख पटते, हे त्यांचे आधार आहेत. इपॉक्सीच्या बाबतीत दोघांचेही काही अंशी खरे ठरते, पण झुकते माप पीलुपाकाला द्यावे लागेल. भांड्यातल्या गोंदाचा आकार क्षणभरही मोडत नाही, इथपर्यंत नैयायिक बरोबर. पण शेवटी तिथे ना राळ असते, ना हार्डनर. दोन्हींचे रेणू जुन्या रूपात उरलेले नसतात आणि कोणत्याही द्रावकाने ते परत मिळत नाहीत.

न्यायवैशेषिकांची आणखी एक संज्ञा इथे लागू पडते: द्रव्यारंभक संयोग. सगळे संयोग सारखे नसतात. पुस्तक मेजावर ठेवले तर दोघांचा संयोग होतो, नवे द्रव्य होत नाही. सुते विणली तर त्यांच्या संयोगातून कापड हे नवे द्रव्य जन्मते. कालवल्यापासून जेल-बिंदूपर्यंतचा काळ म्हणजे साध्या संयोगाचे द्रव्यारंभक संयोगात रूपांतर होण्याचा काळ. शास्त्रकारांनी हा बदल एका क्षणाचा मानला. फ्लोरींच्या गणितातही आरपार पोचणारे जाळे एका टप्प्यालाच उभे राहते. त्याआधीची आणि नंतरची चाल मात्र संथ, आणि तितकीच खरी.

हे सगळे गोंदाच्या पोटातले. गोंद आणि दगड यांच्यामधल्या सीमेवर गोष्ट वेगळी आहे. दगडाशी इपॉक्सीचे नाते मुख्यतः खाचाखोचांत शिरून घट्ट होण्याचे आणि पृष्ठभागावरच्या दुबळ्या आकर्षणांचे असते. जाळे दगडात पुढे जात नाही. म्हणून धूळ, तेल किंवा ओल राहिली की उत्तम गोंदही सुटतो. तेव्हा दगड-गोंद-दगड या रचनेत नवे द्रव्य एकच, मधला थर. दोन्ही दगड त्याला वात्स्यायनांच्या काडी-लाकडासारखेच चिकटलेले असतात. लाखेबद्दलचे त्यांचे म्हणणे इपॉक्सीनेही खोडले जात नाही.

मूर्तीच्या बाबतीत हा प्रश्न श्रद्धेचा होतो. भंगलेली किंवा झिजलेली मूर्ती सांधली, तर ती तीच राहिली का? सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वज्रलेपावर स्वतंत्र अध्याय आहे. टेंभुर्णीची आणि कवठाची कच्ची फळे, सावरीची फुले आणि इतर वनस्पती पाण्यात उकळून काढा आठव्या हिश्श्यावर आणायचा, त्यात गुग्गुळ, राळ, बिब्बा, जवस वगैरे घालायचे, आणि लेप गरम असतानाच मूर्तीला किंवा भिंतीला लावायचा. तिथेही वेळेचे बंधन आहे, फक्त ते थंड होण्याचे आहे. दक्षिणेत मूर्ती पीठावर बसवताना लाख, राळ, मेण, काव यांसारखी द्रव्ये कुटून केलेले अष्टबंध वापरतात आणि परंपरेने बारा वर्षांनी ते नवे करतात. बंध कायमचा असावा, अशी अपेक्षाच तिथे धरलेली नाही.

विधीचा क्रम यावर जास्त प्रकाश टाकतो. जीर्णोद्धारात काम सुरू होण्याआधी मूर्तीतले देवत्व कलशात आवाहन करून घेतात आणि काम संपल्यावर ते पुन्हा मूर्तीत आणतात. 2015 मध्ये कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मूर्तीवर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या तज्ज्ञांनी रासायनिक संवर्धन केले, तेव्हाही मूळ मूर्तीचे दर्शन त्या काळापुरते बंद होते. देवता तीच राहते, याचा आधार विधीने दगडाच्या अखंडपणावर ठेवलेला नाही. तो आवाहनावर आणि प्रतिष्ठेवर ठेवला आहे. सांध्यामुळे दगड एक होतो की नाही, हा वाद विधीच्या दृष्टीने मोकळा राहू शकतो.

दगडी शिल्पांचे संवर्धन करणारेही वेगळ्या वाटेने याच ठिकाणी येतात. इपॉक्सी काळानुसार पिवळा पडतो आणि एकदा पिकला की काढताना मूळ दगड दुखावतो. म्हणून अनेक संवर्धक तुटलेल्या दोन्ही बाजूंना आधी पॅरालॉइड बी-72 या अ‍ॅक्रिलिक राळेचा पातळ थर देतात आणि त्यावर इपॉक्सी लावतात. अ‍ॅक्रिलिकचा हा थर अ‍ॅसिटोनमध्ये विरघळतो. पुढे कधी सांधा उकलावा लागला तर दोन्ही दगड आपापल्या मूळ तुटलेल्या कडांसह सुटे होतात, लाख तापवल्यावर काडी आणि लाकूड होत असत तसे.