मिरचीच्या डब्यातली गोळी

सोयाबीनचा चुकारा हाती पडला की नवरा थेट गुत्त्यावर जायचा. मेहकर तालुक्यातल्या त्या घरात दिवाळी अशीच यायची. शेगावी तीनदा शपथ घेऊन झाली होती. तिन्ही वेळा खरी होती, हे बायकोलाही ठाऊक होतं.

मग कुणीतरी गोळ्या आणून दिल्या. "वरणात कुस्करून घाल. त्याले कळू देऊ नको." तिनं पुडी मिरचीच्या डब्यात लपवली. अशा चोरून दिलेल्या गोळ्या घरोघरी मायेपोटीच दिल्या जातात, आणि म्हणूनच मला त्यांची जास्त भीती वाटते.

पैसा नव्हता म्हणून आठवडा कोरडा गेला. चुकारा आला त्या संध्याकाळी तो पिऊन आला आणि उंबऱ्यातच बसला. तोंड लालबुंद, छातीत धडधड, ओकारी थांबेना. जीपमध्ये घालून बुलढाण्याला नेलं.

सकाळी डॉक्टरांनी पुडी पाहिली. "डायसल्फिरम. दारूचं शरीरात आधी एक विष होतं, मग शरीर ते निवळवतं. ही गोळी ते निवळणंच अडवते. जीव गेला असता, ताई."

"भल्यासाठीच केलं जी."

"ऐका. डेन्मार्कात हाल्ड आणि याकोबसेन हे दोघं जंतावर औषध शोधत होते. रबराच्या कारखान्यात वापरायचं हे रसायन त्यांनी आधी स्वतः गिळलं. नंतर दारू घेतली, तर यांच्यासारखीच गत झाली. मग रसायनाचे जाणकार आणि दारुड्यांवर उपचार करणारे डॉक्टर त्यांच्यासोबत बसले, आणि 1948 मध्ये हे औषध जगापुढे आलं. दुसऱ्याच्या वरणात नाही घातलं त्यांनी."

खाटेवरून नवरा म्हणाला, "मले सांगतलं असतं त..."

"त घेतली असती?"

तो बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला. "माहीत नाही," म्हणाला.

डॉक्टरांनी पुढं हेच उत्तर धरून काम केलं. यकृताची तपासणी झाली, दोघांना बसवून बोलणं झालं, आणि तल्लफ कमी करणारी नाल्ट्रेक्सोन सुरू झाली. ही गोळी आधी अफूच्या नशेवर आली. दारूसाठी अमेरिकेत तिला 1994 मध्ये मान्यता मिळाली. मार्गशीर्षात तो एकदा घसरला. त्या रात्री घरी येऊन त्यानंच सांगितलं. तिला तोंडाचा वास घ्यावा लागला नाही.

गोळ्यांची बाटली आता देवाजवळच्या कोनाड्यात उघडी असते. सकाळी तो स्वतः झाकण फिरवतो, गोळी तळहातावर घेतो, आणि चुलीकडे हाक मारतो, "पानी आन वं."