कॉल आला, वाघ कुठे?

जबलपूरच्या रांझीला गाड्यांचे नवल नाही. १९६९मध्ये सुरू झालेल्या इथल्या व्हेइकल फॅक्टरीने लष्कराला शक्तिमान ट्रक दिले, जोंगा दिली. इंग्रजी ‘JONGA’तला ‘J’ म्हणजे जबलपूरच. पण हिवाळ्यात मंडल्यावरून कान्ह्याच्या जंगलात गेलेल्या रांझीकराला गाडीचा निराळा उपयोग कळतो. सालवनातल्या मुरमाच्या रस्त्यावर तिचे इंजिन बंद करायचे असते.

चितळ ओरडले की गाइड हात वर करतो. “कॉल आहे.” म्हणजे जवळपास वाघ असणार. धूर दिसला म्हणजे अग्नी आहे, हे न्यायदर्शनातले अनुमान इथे कुणी शिकवत नाही, सगळे जगतात. मात्र चितळ बिबट्याला पाहूनही ओरडते, रानकुत्र्यांना पाहूनही. नैयायिक अशा हेतूला, म्हणजे अनुमानाच्या खुणेला, ‘सव्यभिचार’ म्हणतात: जे सिद्ध करायचे ते साध्य नसतानाही आढळणारा, म्हणून बेभरवशाचा. मुरलेला गाइड सांबराच्या आवाजाची वाट पाहतो. मग धुळीतला पंजा बघतो. पंजा टायरच्या खुणेवर उमटला असेल, तर शेवटची जिप्सी गेल्यानंतर वाघ इथून गेला.

मागच्या सीटवरचे पर्यटक बहुधा चार्वाकपंथी. प्रत्यक्ष दिसेल तेच प्रमाण, आणि तेही फोटोत!

याच जंगलात श्रवणताल आहे. आंधळ्या आईवडिलांसाठी पाणी भरणाऱ्या श्रवणाला दशरथाचा बाण इथे लागला, असे स्थानिक सांगतात. वाल्मीकींनी हा प्रसंग शरयूकाठी घातला आहे आणि त्यांच्याकडे त्या मुलाला नावही नाही. पण लोककथेला नकाशा दाखवून काय मिळणार?

दशरथानेही अनुमानच केले होते. अंधारात घडा बुडबुडला आणि त्याला वाटले, हत्ती पाणी पितोय. नेम अचूक, हेतू सव्यभिचार. बापाने शाप देताना हे अजाणता घडल्याचे मान्य केले. म्हणूनच राजा जिवंत राहिला. पुत्रशोक मात्र टळला नाही. अजाणतेपणाने अपराध हलका होतो, पण पुसला का जात नाही? कारण त्या रात्री खात्री करून घ्यायला राजाला कुणी अडवले नव्हते. नुसत्या आवाजावर नेम साधणाऱ्या शब्दवेधाच्या अभिमानापोटी त्याने थांबायचे टाळले, आणि तो भाग अजाणता नव्हता.

कान्ह्याला गेलात तर श्रवणतालापाशी ड्रायव्हरला दहा मिनिटे इंजिन बंद ठेवायला सांगा. कॅमेराही मांडीवरच राहू द्या.